चाचणी

लोकांनी मनगटं उघडी टाकली
तेव्हा इतवारीतल्या माझ्या टेबलावर
पहिलं रीळ आलं.
डॉक्टर खापऱ्यांनी रुमालात गुंडाळून आणलेलं,
हाडाच्या डॉक्टरनं स्वतःचंच हाड आणावं तसं.
'फिरत नाही,' म्हणाले, 'अंदमानला बुडालं.'

भिंग डोळ्याला लावून उघडलं.
आत बेअरिंगच्या गोळ्यांवर
पांढरे दाणे बसलेले, चौकोनी, नीटस.
सुईनं एक उचलून जिभेवर ठेवला.
समुद्र मी असा पाहिला, पहिल्यांदा.
नागपुरातून कुठंही निघा,
पाणी खारं व्हायला
एक रात्र तरी गाडीत काढावी लागते.

मग येतच राहिली रिळं.
एकात गयानाच्या नदीची तांबडी माती,
एकात नखाएवढं खवलं,
एकाचं हँडल असं वाकलेलं
की सरळ करताना मलाच घाम फुटला.
डॉक्टर स्टुलावर बसून सांगत:
चार विमानं, दोन दिवस होडी,
मग नदी, बिनदुधाच्या चहासारखी,
आणि चाळीस मिनिटं झुंज, अंगठ्याची सालं निघेस्तोवर.
मग?
मग पट्टी लावतो, फोटो काढतो,
पाण्यातच धरून ठेवतो थोडा वेळ
त्याला दम येईपर्यंत,
आणि सोडतो.

माझा बाप कन्हानवर जाळं टाकायचा.
आम्ही ढिवर. मरळ, वाम, येईल ते टोपलीत,
टोपली मायच्या डोक्यावर, माय बाजारात.
हे सोडायचं प्रकरण त्याला सांगितलं
तेव्हा तो खाटेला लागलेला.
पंख्याकडे पाहत राहिला बराच वेळ.
'सोडाचाच होता,' म्हणे, 'तं धरला काऊन बे?'
मग कूस बदलून, भिंतीला:
'अन् दम येऊ देते म्हणतं?'

ड्रॅग दुरुस्त झाला की नाही
हे टेबलावर कळत नाही. ओढणारं कोणी लागतं.
म्हणून सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, फुटाळ्यावर
भाचा निकेश आणि त्याची लूना.
दोर कॅरिअरला बांधतो, मी काठी कमरेला टेकवतो,
'जाय!'

किर्रर्र करत साठ पौंडी दोर सुटतो.
फिरायला आलेले साहेब थांबतात,
तर्रीपोहेवाला झारा हातात घेऊन उभा.
'काका, काय लागलं जी?'
'लूना.'
पोरगं मुद्दाम नागमोडी चालवतं,
मध्येच डोकं झटकतं,
डॉक्टरांच्या मोबाइलवर पाहिलेल्या माशासारखं.
सहा वर्षं हाच मासा मी धरतोय.

आज तो खडूच्या खुणेपुढं गेला.
रिळाचा तळ दिसू लागला तरी थांबेना.
सोमवारी त्याची चेन्नईची गाडी आहे, तिथून जहाज.
डॉक्टरांनीच लावून दिलंय अंदमानला, होडीवर मदतनीस.
बहिणीनं शेवया, लोणचं, तिखट बांधून ठेवलंय.
त्याला पोहता येतं,
पण गोड्या पाण्यात.

ड्रॅग आवळला.
त्यानं इंजिन बंद केलं
आणि मी गुंडाळू लागलो.
लूना मागे मागे येत राहिली,
पाय रस्त्याला घासत, हसत, घामाघूम,
आणि जवळ आल्यावर म्हणाला,
'मामा, पट्टी लाव ना.'

पट्टी होती खिशात. काढली नाही.
कॅरिअर एका हातानं धरलं.
तो धापा टाकत होता, किंवा मी.
पोहेवाला काहीतरी विचारत होता.
तसंच धरून ठेवलं थोडा वेळ,
मग गाठ सोडली.

दुकानात येऊन वहीत लिहिलं:
खापरे, मोठं रीळ. बेअरिंग दोन नवीन. ग्रीस.
चाचणी फुटाळा, सकाळी.
लागलं एक. वजन पाहिलं नाही.
सोडलं.